सात नंबरच्या यंत्राची आंघोळ

नवी पेठेतल्या गौसच्या गेमिंग पार्लरचा जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याची परवानगी घ्यावी. त्या सकाळी जिन्यावर चपलांचा ढीग पडला होता. संगणकावरचा खेळ बघायला चपला काढून जायची रीत सोलापुरात पूर्वी नव्हती. ती दोन महिन्यांपूर्वी अजिनाथ महाराजांनी पाडली. लोकांनी ती इतक्या मुकाट्यानं पाळली, की महाराजांनी उद्या उलटं चालत वर या म्हटलं असतं, तर जिन्यावर नुसत्या पाठी दिसल्या असत्या.

आत बारा संगणक आणि साठेक माणसं. कॉलेजातली पोरं, त्यांच्या आया, खालच्या कापडदुकानातले गिऱ्हाइकं सोडून आलेले दोन नोकर. सगळ्यांत पुढं गल्लीतल्या बजाबाई हात जोडून बसल्या होत्या. त्यांनी जन्मात माउसला हात लावला नव्हता. पण जिथं कापूर जळतो तिथं बजाबाई हजर.

“यंत्राला आंघोळ घाला!” महाराज गरजले.

गौसनं दोन नंबरचा संगणक पूर्ण बंद केला. महाराजांनी तांब्यातलं पाणी बेलाच्या पानानं टेबलाभोवती शिंपडलं. टेबलाभोवती, संगणकावर नव्हे. विजेच्या झटक्यावर महाराजांची श्रद्धा पक्की होती. मग कापूर, मग घंटी, मग डोळे मिटून पुटपुटणं. त्यात संस्कृत थोडं आणि दुकानांच्या पाट्यांवरचं इंग्रजी जास्त.

“उठवा!”

संगणक उठला. शिवू नावाचा पोरगा पुढ्यात बसला. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तिसऱ्या वर्षी कोपऱ्यातल्या एका गावाला आग लागंल. घाबरू नको. त्यानंतर आठव्या वर्षापत्तुर तुझ्या राज्यात पान हलणार न्हाई.”

तिसऱ्या वर्षी कोपऱ्यातल्या एका गावाला आग लागली. नंतर आठव्या वर्षापर्यंत पान हललं नाही. लोकांनी असा जयजयकार केला, की खालचा दुकानदार काय पडलं ते बघायला बाहेर आला.

खेळाचं नाव ‘राजवट’. दहा वर्षं राज्य चालवायचं. शेती लावायची, कोठारं भरायची, तळी खोदायची, वैद्य नेमायचे. शेवटी ज्याची प्रजा जास्त सुखी तो जिंकला. मध्येच आपत्ती येतात: दुष्काळ, टोळधाड, साथ, पूर, आग. कोणती कधी येईल ते खेळणाऱ्याला कळत नाही, आणि आली की चुकवता येत नाही. यावरून पोरांची रोज भांडणं व्हायची. “मी एवढा चांगला खेळलो, टोळ माझ्याच रानात आले. ह्यो कसला न्याय?” प्रश्न बरा होता. उत्तर द्यायला अजिनाथ आला, तिथं घात झाला.

हा अजिनाथ दोन वर्षांपूर्वी याच पार्लरमध्ये जीन्सच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर खोचून संगणक दुरुस्त करत असे. बाराच्या बारा संगणक त्यानंच बसवलेले. मध्ये तो कुठंसा गेला आणि भगवी कफनी घालून परत आला. लोकांना हे सारं ठाऊक होतं. पण त्यांनी त्यातून अर्थ काय काढला? “बघा, यंत्राची सेवा केली म्हणूनच यंत्र त्येच्याशी बोलतंय!” चोराकडं किल्ल्या सापडल्या म्हणून त्यालाच घराचा मालक ठरवावं, तसली ही अक्कल.

“बाळांनो,” महाराज सांगत, “बटणावर बोट तुमचं, पण दाबतंय कोण? पूर्वजन्म! पत्रिकेतला शनी वायरीतून आत जातोय, सूक्ष्म रूपानं. ज्याची जशी दशा, तसे त्याच्या राज्यावर टोळ.” मग नक्षत्र विचारून ते प्रत्येकाला आसन देत. कुणी तीन नंबरच्या संगणकावर, कुणी नऊच्या. ज्यानं दक्षिणा देऊन ग्रहांची शांत करून घेतली, त्याला दोन नंबरचं आसन. शांत केलेल्यांची राज्यं खरोखरच फुलत होती.

“आता सात नंबर,” महाराज म्हणाले. आवाज एकदम खाली आला. गर्दी मागं सरकली.

सात नंबरलाही तशीच आंघोळ झाली आणि त्याच्यासमोर शिवानी येऊन बसली. एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि पार्लरमधली सगळ्यांत पक्की खेळाडू. पुण्याच्या स्पर्धेला चौघांचा संघ निवडायचा होता, त्यात तिचं नाव सगळे पहिलं धरत. पण महाराज पहिल्यांदा आले त्या दिवशी ती हसली होती. “टोळांना पत्रिका कुठं वाचता येते?” एवढंच म्हणाली होती. त्याच दिवशी महाराजांनी तिचं नक्षत्र विचारलं आणि तिला सात नंबर दिला.

“तिसऱ्या वर्षी दुष्काळ. चौथ्यात टोळ. सहाव्यात साथ. सातव्यात पूर. नवव्यात राजधानीला आग.” महाराजांनी बोटांवर मोजलं. “आज प्रायश्चित्ताची चौथी सकाळ. बघू, पाप ढिलं झालंय का.”

ढिलं झालं नव्हतं. तिसऱ्या वर्षी दुष्काळ, चौथ्यात टोळ, सगळं ओळीनं आलं. बजाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अगं बया, रोज त्येच! पोरगी पनवतीच हाय की!”

सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून, शिवानीची आत्या चंद्रिका बसली होती. मांडीवर पुठ्ठ्याचा एक कोरा तुकडा, हातात भोकं पाडायची चिमटी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती तीस वर्षं चादरींच्या नक्षीची कार्डं पाडत होती. नक्षीच्या मागाला फूल कळत नाही, भोक कळतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची. जिथं भोक तिथं धागा उचलतो, आणि माळ फिरून आली की तेच फूल पुन्हा उमटतं. चंद्रिकाची शाळा सातवीतच सुटली होती. संगणकासमोर ती पाहुणीसारखी अंग चोरून बसे. पण हात रिकामा ठेवायची सवय नव्हती. म्हणून पहिल्या सकाळपासून तिनं पुठ्ठ्यावर दहा घरं आखली, दहा वर्षांची. आणि पाच ओळी, पाच आपत्तींच्या. आपत्ती आली की एक भोक. बस्स, चाळा.

ती इथं आली होती भावाच्या, म्हणजे शिवानीच्या वडिलांच्या सांगण्यावरून. या भावाचे, संगमेशचे, सहा माग होते. महिन्यापूर्वी एका मागाचा, आडवा धागा नेणारा धोटा उडून तिप्पण्णा नावाच्या कामगाराच्या भुवईला लागला. धोटा उडतो, तो मागाचा जुना आजार आहे. पण त्या दिवशी नेमकी शिवानी डबा घेऊन शेडमध्ये आली होती. बजाबाईंनी दोन गोष्टी जोडल्या, महाराजांनी गाठ मारली, आणि संगमेशनं ती गाठ स्वतःच्या गळ्यात घालून घेतली.

“सात सकाळी प्रायश्चित्त,” तो म्हणाला होता. “सातव्या दिवशीबी राज्य बुडालं तर सोमवारी तिला मामाकडं सोडतो. कॉलेज बंद. तिकडं एक स्थळ हाय, त्येंना सून घाईनं पायजे.”

“संगू, खेळातल्या टोळांपायी पोरीचं लगीन लावतोस व्हय रे?”

“अक्का, तुला यातलं कळत न्हाई.”

हे तिला कुणीही म्हटलं की पटायचं. ती पोरीसोबत पार्लरला यायला लागली.

पण खरं जळत होतं ते दुसरंच. त्या चौथ्या दिवशी घरी आल्यावर वहिनीचं तान्हं रडायला लागलं. शिवानी पाळण्याशी गेली आणि थांबली. हात मागं बांधून उभी राहिली.

“घे की त्याला,” चंद्रिका म्हणाली.

“नको आत्या. काही झालं तर?” शिवानी खाली बघत बोलली. “रोज तेच होतंय. मी वेगळं खेळून बघितलं, उलटं खेळून बघितलं. तरी त्याच वर्षी, तेच. माझ्यातच काहीतरी असणार.”

पोरगी हुशार होती म्हणूनच तिनं हे ताडलं होतं, आणि घाबरली होती म्हणूनच चुकीच्या टोकाला जाऊन पोचली होती. चंद्रिकानं पिशवीतून चार दिवसांचे चार पुठ्ठे काढले आणि सवयीनं एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. कार्ड बरोबर पडलं का ते कारखान्यात असंच बघतात.

पाचही भोकांतून उजेड आरपार आला.

चंद्रिकानं कडा जुळवून ते पुन्हा धरले. चार दिवस, पाच भोकं, एकही घर इकडचं तिकडं नाही. तिनं आयुष्यात दुष्काळ बघितले होते, साथी बघितल्या होत्या. नशीब असं काटेकोर कधी वागत नाही. काटेकोर असतो तो पुठ्ठा. फूल पुन्हापुन्हा त्याच जागी येतं ते फुलाच्या पापामुळं नव्हे. माळ पहिल्या कार्डापासून पुन्हा सुरू होते म्हणून.

मग ही माळ कोण मागं नेतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लर उघडायच्या आधीच ती जिन्यावर जाऊन बसली. गौस किल्ल्या वाजवत आला.

“अक्का, तुम्ही? इत्त्या सकाळी?”

“गौसभाई, एक विचारू? खुळ्यागत वाटंल.”

“पूछो की.”

“मशीन बंद केल्यावर त्येच्या पोटात काय होतं?”

गौस हसला. “काय व्हतंय? पोरं दिवसभर नको ते भरतात. म्हणून एक बंदोबस्त घातलेला हाय. बंद करून चालू केलं की दिवसभराचं सगळं पुसून जातं, मशीन जशी होती तशी. बसवली त्या दिवसासारखी.”

“आन् खेळ?”

“खेळपन. सगळं.”

“ह्यो बंदोबस्त घातला कुणी?”

“कुणी म्हंजे? अजिनाथनंच की, तेव्हा…” गौसचं वाक्य तिथंच अडकलं. किल्ल्याही वाजायच्या थांबल्या.

दोघं वर गेले. गौसनं सात नंबर चालू केला आणि स्वतः खेळायला बसला. तो इतका वाईट खेळायचा की दुसऱ्याच वर्षी प्रजेनं बंड केलं. पण तिसऱ्या वर्षी दुष्काळ आला. चौथ्यात टोळ. चंद्रिकानं पिशवीतला पुठ्ठा समोर धरला आणि पुढची तीन भोकं आधीच वाचून दाखवली. मग त्यांनी दोन नंबर लावला. त्याची माळ वेगळी निघाली: तिसऱ्यात आग, आठव्यात थोडासा पूर, बाकी सुकाळ. प्रत्येक संगणक वेगळ्या दिवशी बसवलेला, म्हणून प्रत्येकाची यादी वेगळी, आणि बाराही याद्या बसवणाऱ्याला पाठ.

“या अल्ला,” गौस म्हणाला. “आणि मीच रोज आंघोळ घालतोय!”

नुसतं सांगून संगमेशला पटणार नव्हतं, म्हणून सगळे जमतील त्या दिवसाची दोघांनी वाट बघितली. रविवारी सातवी सकाळ. जिना चपलांनी भरला. संगमेश आला होता. शिवानीची बॅग घरी भरून ठेवलेली होती. महाराजांनी तांब्या उचलला.

“महाराज,” मागून आवाज आला. चंद्रिकाचाच होता, पण तिचा तिलाच ओळखू आला नाही. साठ माणसं वळून बघत होती. “आज शिवानीच्या जागी दुसरं कुणी बसावं.”

“सात नंबर दूषित हाय, माई. दुसऱ्याला बाधंल.”

“मग बजाबाईंना बसवा. रोज उपासतापास करतात. त्येंच्या पुण्याईपुढं टोळ टिकायचे न्हाईत.”

बजाबाई गडबडल्या, पण साठ जणांसमोर आपली पुण्याई कमी आहे असं कोण म्हणणार? त्या खुर्चीवर बसल्या. गौस शेजारी उभा राहून त्यांचा हात धरून माउस हलवू लागला. महाराज घाईनं म्हणाले, “थांबा, आंघोळ…”

“घातली,” गौस म्हणाला. “आत्ताच बंद करून चालू केलंय.”

चंद्रिकानं पुठ्ठा संगमेशच्या हातात दिला. “ही दहा घरं म्हंजे दहा वर्षं. भोक दिसंल तितं वाच, मोठ्यानं.”

“तिसरं… दुष्काळ,” संगमेश वाचू लागला.

बजाबाईंच्या राज्यात तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला.

“चौथं, टोळ.”

टोळ आले. बजाबाई ओरडल्या, “अगं आई गं, माझं काय चुकलं?”

“काई न्हाई चुकलं,” चंद्रिका म्हणाली. “तिचंबी न्हवतं चुकलं.”

सहाव्यात साथ, सातव्यात पूर, नवव्यात आग. संगमेशचा आवाज प्रत्येक भोकाला बारीक होत गेला.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “म्हंजे आत्यालाबी दृष्टी आली की!” लोक तेवढ्यावरच हात जोडायला लागले होते. एक बुवा पडला की त्याच जागी लगेच दुसरा बसवायला हात शिवशिवतात, त्यातली गत. चंद्रिका चिडली. आता मात्र ती लाजली नाही.

“हात खाली करा! मला कसली दृष्टी? पुठ्ठा हाय ह्यो. मशीन बंद केली की आतली माळ परत पहिल्या कार्डावर जाती. आंघोळ म्हंजे तेवढंच. आता बंद न करता पुढचा खेळ लावा, आन् महाराजांनी सांगावं काय येतंय ते.”

महाराजांनी डोळे मिटले. “गर्दीत अश्रद्ध असले की दृष्टी…”

“सांगा की, महाराज,” शिवू म्हणाला. दोन नंबरवर बसणारा तोच. “काल तर माझ्या डोस्क्यावर हात ठेवून सांगत हुता.”

“दुसऱ्या वर्षी… पूर,” महाराज म्हणाले.

दुसऱ्या वर्षी काही आलं नाही. पाचव्यात आग आली, आणि नंतर सुकाळच सुकाळ. सात नंबरवर. बजाबाईंची प्रजा सुखात नांदू लागली, आणि त्यांनी पहिल्यांदाच महाराजांकडं न बघता पडद्याकडं बघितलं.

इतका वेळ कोपऱ्यात उभी असलेली शिवानी पुढं आली. तिनं सगळे पुठ्ठे हातात घेऊन उजेडाला धरले. “संगणक खरे फासे टाकत नाही,” ती हळूहळू बोलू लागली. बोलता बोलता तिचा आवाज तिला परत सापडत गेला. “एका आकड्यावरून तो पुढचा आकडा काढतो, त्यावरून त्याच्या पुढचा. सुरुवातीचा आकडा तोच ठेवला तर पुढची रांगही तीच. हे मला येतं. गेल्या वर्षी शिकलेय मी. आणि सहा दिवस समोर बसून…” तिनं वाक्य सोडून दिलं. “मला वाटलं माझ्यामुळं.”

अजिनाथ जिन्याकडं निघाला. कुणी अडवलं नाही. खाली त्याला स्वतःच्या चपला मात्र लवकर सापडेनात, कारण ढीग त्यानंच लावायला लावला होता. वर येणारे दोघे त्याला बघून वाकले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. कळल्यावरही ते दुसरीकडं कुठंतरी वाकतील. अशांना पाठीचा कणा मोडला म्हणून नव्हे, तो वापरायचा कंटाळा म्हणून वाकायची सवय असते.

राहिला पोरांचा मूळ प्रश्न. टोळ एकाच्या रानात येतात आणि दुसऱ्याच्या नाहीत, हा कसला न्याय? त्याच संध्याकाळी संघ निवडताना गौस म्हणाला, “झंझटच नको. आपत्ती बंद करायचं बटण हाय खेळात.”

“नको,” शिवानी म्हणाली. “आपत्ती काढल्या तर उरते नुसती बेरीज. सगळ्यांना एकच सुरुवातीचा आकडा द्या, पण कुणालाच माहीत नसलेला. टोळ आले तर सगळ्यांवर येतील. मग कुणी कोठार भरून ठेवलं होतं ते दिसेल.”

आकडा चंद्रिकानं टाकला, डोळे मिटून, बोटं पडतील तिथं. सहा पोरं खेळायला बसली. चौघं निवडायची होती. मागं गर्दी होती, पण या वेळी पायांत चपला होत्या.

दुसऱ्याच वर्षी साथ आली, सहाही राज्यांवर एकदम. ज्यांनी आधी वैद्य नेमले होते ते सावरले. शिवानीनं सगळा खजिना तळ्यांत घातला होता. तिचं अर्धं राज्य ओस पडलं. पुढची आठ वर्षं ती झुंजली, एकेक गाव परत वसवलं, आणि शेवटी पाचवी आली. एका जागेनं संघाबाहेर. चौथा शिवू.

बजाबाईंचे ओठ हलले. सवय ती सवय. “बघा, शेवटी…”

“बजाबाई,” संगमेश म्हणाला, “साथ सहाही जणांवर आली. मी मोजली.” त्याचा चेहरा उतरलेला होता. लेकीकडं सरळ बघायला त्याला जमत नव्हतं. “शिवानी, उद्या सोमवार. कॉलेजला किती वाजता जायचंय? मी सोडतो.”

शिवानी अजून पडद्याकडंच बघत होती. डोळे भरले होते, पण तिनं हात मागं बांधले नव्हते. बोटांनी ती आपल्या राज्यातली वर्षं पुन्हा मोजत होती.

“तळी खोदत बसले मी, वैद्य ठेवला नाही,” ती म्हणाली. “ती चूक माझी. साथ माझी नव्हे.”

एवढा फरक ज्या माणसाला स्वतः करता येतो, त्याला कुठल्याही बुवाच्या जिन्यावर चपला काढाव्या लागत नाहीत. आणि ज्याला येत नसेल त्यानं निदान एवढं करावं: कुणी एका पोरीकडं बोट दाखवून आपत्तीचं कारण सांगू लागला, की त्याच खुर्चीवर आधी दुसऱ्याला बसवून बघावं.